शुद्ध हिंदीतली चेष्टा

सिंगापूरच्या सहलीत मुलं काय काय शिकली, हे आमच्या शाळेनं गुळगुळीत कागदावर छापून घरोघर वाटलं. वर ठळक अक्षरांत 'लाइफ लेसन्स', खाली बावीस मुलांचे बावीस फोटो आणि प्रत्येकाचं एकेक वाक्य. कुणी म्हणे रांगेत उभं राहायला शिकलं, कुणी रस्त्यावर कचरा न टाकायला. एकाला वेळेची किंमत कळली. हे चिरंजीव अजूनही दुसऱ्या तासाला उगवतात. सहलीला गेली होती तेवीस मुलं. तेविसाव्या मुलीचा फोटो का नाही, असं मी चतुर्वेदी सरांना विचारलं, तर म्हणाले, मासिक आधीच छापायला गेलं होतं. संपादक तेच आहेत, तेव्हा त्यांना माहीत असणारच.

त्या तेविसाव्या मुलीची गोष्ट मी सांगणार आहे, आणि सांगताना माझा आवाज चढणार आहे. मी शालिनी. तेव्हा नववी ब ची वर्गशिक्षिका होते, गणित शिकवते. माझ्या नाकावर राग असतो, असं आमचे पद्माकर लग्नापासून ऐकवत आलेत. असू दे. या वेळी त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

पद्माकरच्या कंपनीमुळे आम्ही सत्त्याण्णव साली पुण्याहून नोएडात आलो. तेव्हा आमच्या सेक्टरात माणसांपेक्षा प्लॉटचे नंबर जास्त होते. शाळेचं नावही साधंच होतं, मालकांच्या मातोश्रींचं. मग आजूबाजूला काचेच्या इमारती उठल्या, पालकांकडे लांबलचक गाड्या आल्या, आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीत पाटीवरून मातोश्री गेल्या आणि 'ग्लोबल' आलं. ग्लोबल झाल्यावर परदेशी सहल ओघानं आलीच. दोन हजार पाचच्या दसऱ्याच्या सुट्टीत पहिली सहल सिंगापूरला गेली.

अक्षया आमच्याकडे सातवीत आली होती. तिचे वडील हणमंतराव विट्याकडचे, करोल बागेत त्यांचं गलाईचं दुकान. गलाई म्हणजे सराफांचं जुनं सोनं-चांदी भट्टीत गाळून शुद्ध करून द्यायचं. सांगली जिल्ह्यातली ही माणसं देशभर पसरलीत, जिथे सराफकट्टा तिथे यांची भट्टी. हणमंतरावांनी पंधरा वर्षं भट्टीवरच्या एका खोलीत काढली, मग नोएडात फ्लॅट घेतला आणि गावाकडे चुलत्यांपाशी शिकणाऱ्या लेकीला बोलावून घेतलं. मुलगी हुशार. गणित तिला एकदा सांगितलं की परत सांगावं लागत नसे. हिंदी मात्र ती मराठीतूनच बोलायची. शब्द आपले आणि शेपटाला 'है'. वर्ग हसायचा, तीही हसायची.

आणि मी दोन वर्षांत तिच्याशी मराठीचा एक शब्द बोलले नव्हते. पहिल्या पालकसभेला तिची आई आली, सरलाबाई. डोक्यावर पदर, कपाळभर कुंकू. मी महाराष्ट्राची आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं असणार, कारण व्हरांड्याच्या त्या टोकापासून आनंदानं ओरडत आल्या, "ओ बाई, तुमी आमच्याकडच्या न्हवं?" गॉगल डोक्यावर चढवलेल्या चार आया वळून बघायला लागल्या. मी म्हणाले, "जी, बताइए।" बाई जागच्या जागी विझल्या. मग मोडक्यातोडक्या हिंदीत मुलीचं कसं चाललंय ते विचारून निघून गेल्या. शाळेत सगळ्यांशी एकाच भाषेत बोलावं, असं कारण मी घरी येऊन स्वतःला दिलं. साफ खोटं होतं ते. मला लाज वाटली होती.

सिंगापुरात तिसऱ्या दिवशी सकाळी तो प्रकार झाला. अक्षयाच्या खोलीत निहारिका होती. निहारिकाचे वडील बिल्डर, शाळेच्या समितीवर. आमचा पोहण्याचा तलाव त्यांच्याच कृपेनं झालेला. निहारिकाच्या गळ्यात सोन्याची साखळी होती आणि ती बावीस कॅरेटची आहे, असं ती विमानात बसल्यापासून सगळ्यांना सांगत होती. आदल्या रात्री अक्षयानं ती साखळी हातात घेऊन दिव्याच्या उजेडात धरली आणि म्हणाली, अठराच्या वर नाही. गलाईवाल्याची मुलगी ती, तिला रंगावरून कळतं. झालं, दोघींची जुंपली.

सकाळी निहारिका आंघोळीला गेली असताना अक्षयानं तिची साखळी उचलली, खोलीत चहाची विजेची किटली होती तिच्यात टाकली आणि झाकण लावून पलंगावर बसून राहिली. निहारिका येऊन शोधायला लागली, तशी ही हसत म्हणाली की साखळी गाळायला टाकलीय, आता किती कॅरेट ते कळेल. निहारिकाला विनोद कळला नाही. ती रडत चतुर्वेदी सरांकडे गेली. सर आले, तेव्हा अक्षयानं स्वतः किटलीचं झाकण उघडून साखळी काढून दिली. पाणीसुद्धा नव्हतं त्या किटलीत.

शहाण्या माणसानं दोघींना रागावून नाश्त्याला पाठवलं असतं. पण चतुर्वेदी सर उपप्राचार्य, त्यातून हिंदीचे शिक्षक, आणि शिस्त म्हणजे त्यांच्या घरची दासी. त्यांनी अक्षयाला खाली आणून सोफ्यावर बसवलं, हॉटेलचा कोरा कागद दिला आणि घडलं ते शुद्ध हिंदीत लिहून द्यायला सांगितलं. वर्गशिक्षिका म्हणून खाली साक्षीदाराची सही मी करायची होती. बस दाराशी उभी होती. तिथे कुणी भोंगा वाजवत नाही, ड्रायव्हर नुसता घड्याळ दाखवत होता. दुपारी आम्हा शिक्षकांना खरेदीला दोन तास मिळणार होते आणि माझी यादी तयार होती. अक्षयाचं लिहून झालं, मी तळाशी सही ठोकली आणि सगळ्यांना बसकडे हाकललं. सहा ओळी होत्या. मी त्या वाचल्या नाहीत.

आता चोरीचंच म्हणाल, तर त्या हॉटेलातून निघताना आम्ही सगळ्यांनी साबण, शांपूच्या बाटल्या, चहाच्या पुड्या आणि कापडी सपाता बॅगांत कोंबल्या. चतुर्वेदी सरांनी तर दोन खोल्यांतल्या. मीही घेतल्या, वर मैत्रिणींना वाटल्या. आमच्याकडून कुणी कागद लिहून घेतला नाही.

परत आल्यावर आठवडाभरात निहारिकाच्या वडिलांचं पत्र आलं. ती मुलगी शाळेत राहणार असेल तर माझी राहणार नाही, एवढंच. प्राचार्या मॅडमनी अक्षयाचा दाखला टाइप करूनच ठेवला. वर्तणुकीच्या रकान्यात 'चोरीचा प्रयत्न' असं लिहिलेलं. नववीत बोर्डाची नोंदणी होते. ऐन ऑक्टोबरात असा शेरा घेऊन निघालेल्या मुलीला दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, कुठलीच शाळा दारात उभी करणार नव्हती. आणि ज्या घरात रोज परक्यांचं सोनं येतं, त्या घरच्या मुलीच्या नावाला चोरी चिकटली तर करोल बागेतला कुठला सराफ त्या भट्टीची पायरी चढणार होता? स्टाफरूममध्ये मात्र विनोद चालले होते. एक बाई म्हणाल्या, बरं झालं तिथेच सापडली, यांच्या घरी पोचली असती तर साखळीची बिस्किटं झाली असती. सगळ्या हसल्या. मी हसले नाही, पण उठूनही गेले नाही.

पद्माकरला सांगितलं, तर तो म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस यार, मॅनेजमेंटचा मामला आहे." मी पडणारही नव्हते. मला वाटलं, मुलीनं चूक कबूल केलीय, मी काय करणार.

शनिवारी अकराला हणमंतराव, सरलाबाई आणि अक्षया प्राचार्यांच्या खोलीत येऊन बसले. साक्षीदार म्हणून मलाही बोलावलं होतं. हणमंतरावांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. बोटांची टोकं आम्लानं पिवळी पडलेली, ती त्यांनी मांडीखाली दाबून धरली होती. दाखला मॅडमच्या समोर, वर पेन. मॅडमनी त्यांना सांगितलं की मुलीनं स्वतःच्या हातानं गुन्हा कबूल केलाय. मग चतुर्वेदी सरांनी चष्मा चढवला आणि तो कागद वाचला. आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात तसा.

"सुबह निहारिका की चेन मैंने उठाई और किटली में रखी। मैंने केवल चेष्टा की थी। मेरे मन में और कुछ नहीं था। पहले भी हमने ऐसी चेष्टा की है। मुझे क्षमा करें।"

मला आधी काहीच खटकलं नाही. चेष्टा केली, मनात दुसरं काही नव्हतं, मग अडलंय कुठे? हणमंतरावांनाही तेच वाटलं. त्यांचा चेहरा तर एकदम सैल झाला. ते पुढे वाकून मॅडमना म्हणाले, "हां मैडम, चेष्टा ही तो की है। बच्चे हैं, करते हैं। हमारे घर में तो छोटे-बड़े सब करते हैं।"

मॅडमनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बस. मग चतुर्वेदी सरांकडे पाहिलं. सरांनी हात पसरले, म्हणजे बघा, खानदानच असं आहे. मॅडमनी पेन उचललं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. हिंदीत चेष्टा म्हणजे थट्टा नव्हे. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. पोरीनं लिहिलं होतं, मी फक्त गंमत केली. यांनी वाचलं होतं, मी फक्त प्रयत्न केला, पूर्वीही केलाय. आणि बापानं वर शिक्का मारला होता की आमच्या घरी सगळेच करतात.

"थांबा हणमंतराव," मी म्हणाले, "एक शब्द बोलू नका." त्या खोलीत मी मराठीत बोलतेय हे मला स्वतःलाच उशिरा कळलं. सरलाबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मग मी मॅडमना सगळं हिंदीत समजावलं. मराठीत चेष्टा म्हणजे मस्करी, आमच्याकडे लहान मुलंसुद्धा हा शब्द वापरतात, मुलीनं मराठीत विचार केला आणि हिंदीत लिहिलं. दोन्ही अर्थ दोनदा सांगितले. अक्षया आ वासून ऐकत होती. आपण कागदावर काय लिहून दिलंय, हे तिला त्या क्षणी समजत होतं.

चतुर्वेदी सर मंद हसले. म्हणाले, चेष्टा म्हणजे प्रयास, पस्तीस वर्षं शिकवतोय. मी म्हणाले की तुमच्या पस्तीस वर्षांत मराठी येत नाही. आवाज चढलाच होता. त्यावर त्यांनी शांतपणे कागद फिरवून माझ्यापुढे सरकवला आणि सहीवर बोट ठेवलं.

"आपको तो दोनों भाषाएं आती हैं। फिर हस्ताक्षर क्यों किए?"

त्या माणसाचा मला इतका संताप आला होता आणि त्यानं विचारलेला प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. मी म्हणाले, वाचलं नव्हतं. मॅडमनी भुवया वर केल्या. वाचलं नव्हतं, की आज आपल्या गावची माणसं बघून दया आलीय? त्यांचं म्हणणं असं की, अर्थ काय, नंतर कसाही लावता येतो. त्या वेळी साक्षीदाराला काही वावगं वाटलं नाही, ते महत्त्वाचं. आणि त्यांनी दाखला पुढे ओढला. सही करणारच होत्या.

"बाई, मी तुम्हाला विचारलं होतं."

अक्षया बोलली. मराठीत, माझ्याकडे बघून. आत्तापर्यंत तिची मान खाली होती.

"तिथं सोफ्यावर. मी आधी मजाकच लिहिलं होतं. पण मजाकला सर मार्क कापतात, उर्दू आहे म्हणतात. शुद्ध शब्द मला आठवत नव्हता. म्हणून तुम्हाला विचारलं, मॅम, चेष्टा चलेगा क्या? तुम्हाला आपलं माहीत असणार म्हणून तुम्हालाच विचारलं. तुम्ही म्हणालात, हां हां, चलेगा, जल्दी लिखो."

आठवलं. मी तिच्या डोक्याशी उभी होते, पर्समध्ये यादी शोधत होते, आणि खालून तिनं काहीतरी विचारलं होतं. मी मान वर न करता हो म्हटलं होतं. एका मराठी मुलीनं एका मराठी बाईला एक मराठी शब्द विचारला, तोही हिंदीत विचारला, कारण मी तिला दुसऱ्या भाषेत माझ्याशी बोलू दिलं नव्हतं.

"क्या कह रही है?" मॅडमनी मला विचारलं.

हणमंतरावांना हिंदी येत होती, ते सांगू शकले असते. पण ते खाली बघत राहिले, मला संधी देत होते बहुतेक. मी काहीही सांगू शकले असते. माफी मागतेय म्हणाले असते, तरी त्या तिघांनी मला खोटं पाडलं नसतं, इतकी ती सभ्य माणसं. क्षणभर तसं मनात आलंही, आणि ते आलं याचा राग आजही जात नाही. मग मी सगळं सांगितलं. मजाक, मार्क, उर्दू, माझं हां हां, माझी यादी. चतुर्वेदी सरांचं नाव आलं तिथे आवाज जरा जास्तच लागला, हेही कबूल करते.

मॅडम उठल्या आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला. तिसऱ्या ओळीत 'चेष्टा'च्या आधी एक शब्द खोडलेला होता. आडव्या रेघेखालचा 'मज़ाक' कुणालाही वाचता आला असता. दोन आठवडे तो कागद या खोलीत होता. त्यांनी तो चतुर्वेदी सरांच्या हातात दिला. सरांनी बराच वेळ पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला.

"परिहास लिखना चाहिए था," ते म्हणाले.

मॅडमनी दाखला फाडला. निहारिकाच्या वडिलांशी त्या स्वतः बोलतील, अक्षयाची नोंदणी वेळेवर होईल, आणि न वाचता सही केल्याबद्दल मला सोमवारी मेमो मिळेल, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. मेमो मला मिळायलाच हवा होता. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेले हे लोक, त्यांच्यातला एकही त्या मुलीला 'चुकलं आमचं' म्हणाला नाही. चतुर्वेदी सरांनी तर कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली. मी वाट बघत राहिले. मग लक्षात आलं की मीही म्हणाले नव्हते.

मी अक्षयाकडे वळले. पण तोवर मॅडम गोड आवाजात सरलाबाईंना म्हणत होत्या की चला, सगळं ठीक झालं, आता तर तुम्ही खूश?

सरलाबाई उठल्या, पदर खांद्यावरून ओढून घेतला. मॅडमकडे त्यांनी बघितलंच नाही. त्या माझ्याशी बोलल्या, पालकसभेत बोलल्या होत्या त्याच भाषेत, पण आता आवाज अगदी खाली होता.

"पोरगी हितंच शिकंल, कुटं जायाची न्हाई. पर तुमच्या वर्गात नगं. सांगा त्यास्नी."

प्राचार्या मॅडम माझ्याकडे बघत थांबल्या. चतुर्वेदी सरही. हणमंतराव या वेळीही मध्ये पडले नाहीत.

"कह रही हैं, बच्ची यहीं पढ़ेगी," मी सांगितलं. "मेरी क्लास में नहीं।"